गाडीच्या दिवसाची गोळी

मित्रांनो, घटकाभर डोळे मिटा आणि कल्पना करा. तुम्ही एका पत्र्याच्या पेटीत आडवे पडला आहात. पेटी गाडीच्या बाकाखाली आहे. रस्ता म्हणावा असा रस्ता नाही. गाडी खड्ड्यात आदळते आणि तुमचं अंग खिळखिळं होतं. बाहेर उजेड आहे की अंधार, कळत नाही. नुसता डिझेलचा वास येतो.

झाली कल्पना? हेच माझं आयुष्य. मी एक जुना रक्तदाबमापक आहे. पाऱ्याची नळी, दंडाला गुंडाळायचा कापडी पट्टा आणि हाताने दाबायचा रबरी फुगा, एवढाच माझा संसार. कारखान्यातून निघालो तेव्हा माझी काच लखलखत होती. वाटलं होतं, मोठ्या इस्पितळात टेबलावर ऐटीत बसायला मिळेल. नशिबी आला फिरता दवाखाना.

सुरुवातीला कौतुक फार झालं. आमची गाडी दिसली की वस्तीवरची माणसं हातातलं काम टाकून यायची. किती दंड पाहिले मी! ओझी वाहून दगड झालेले, तापाने फणफणलेले, पट्टा दोनदा गुंडाळावा इतके बारीक. पुढे पट्टा विरला, फुग्याला चिकटपट्टी लागली. नवं यंत्र मागितलं होतं, ते आलंच नाही. गाडीचीही तीच गत. पावसाळ्यात ती गॅरेजात पडून राहायची आणि वस्त्या वाट बघत राहायच्या.

टेकडीपलीकडच्या शेवटच्या वस्तीत एक आजी होती. तिचा रक्तदाब पूर्वी भलताच वाढलेला असायचा. गोळ्या सुरू झाल्यापासून मात्र पारा दर खेपेला शहाण्यासारखा वागे. डॉक्टरबाई म्हणत, "शाबास, आजी!" आजी लगेच रांगेकडे वळून बघे, सगळ्यांनी ऐकलं ना म्हणून. मलाही बरं वाटे.

एकदा वाटेतला पूल दुरुस्तीसाठी बंद होणार होता, म्हणून गाडी ठरल्या दिवसाच्या बरीच आधी तिथे पोचली. बाईंनी आजीच्या दंडाला पट्टा बांधला, फुगा दाबला. आकडा पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"बाई, तुमचं मशीन म्हातारं झालंय," आजी म्हणाली. "माझ्यावर कशाला खापर फोडता?"

ड्रायव्हरदादांनी माझ्या पाठीत धपाटा घातला. "याला आता भंगारातच घालू या."

"आधी तुमचा दंड द्या इकडे," बाई म्हणाल्या. दादांचा रक्तदाब ठीक निघाला. बाईंनी स्वतःचा मोजला, तोही ठीक. मग पुन्हा आजीचा. पुन्हा तोच आकडा.

"आजी, आज गोळी घेतलीत?"

"घेतली की!"

आजीचा पदर धरून तिची नात उभी होती. "आज कुठे घेतलीस, आजी? गाडी यायची असली की आदल्या दिवसापासून घेतेस ना तू?"

रांगेत खसखस पिकली.

"घरभेदी कार्टी!" आजीने डोळे वटारले. मग बाईंकडे वळून म्हणाली, "काय करू मग? तुमच्या गाडीचा काय भरवसा? गेल्या पावसात तोंडसुद्धा दाखवलं नाहीत. गोळ्या संपल्यावर जाऊ कुणाच्या दारात? म्हणून पुरवून पुरवून खाते. आणि एरवी मोजतंय कोण?"

रांगेतल्या दोघातिघांनी माना डोलावल्या.

"आमचं चुकलं, आजी," बाई हळूच म्हणाल्या. "आम्हाला उशीर झाला तरी पुरतील एवढ्या गोळ्या आज देऊन ठेवते. पण रोज घ्या हो. नाहीतर एखाद्या दिवशी अंगावरून वारं जाईल, मग आम्ही वेळेवर येऊन तरी काय उपयोग?"

मित्रांनो, तेव्हा मला त्या सगळ्या शाबासक्यांची लाज वाटली. मी खोटं कधी बोललो नाही. पण पट्ट्यात असलेला दंडच तेवढा मला कळतो. मी पेटीत गेल्यावर घरात काय होतं, ते मला कसं दिसणार? माझा पट्टा बदला, गाडी वेळेवर पाठवा, हे मागणं मोठ्यांकडे आहेच. पण तुमच्या घरी कुणाला रोज गोळी घ्यावी लागत असेल, तर मधल्या दिवसांत तुम्ही लक्ष ठेवा. या थकलेल्याचं एवढं ऐका.

बाई मला पेटीत ठेवत होत्या, तेवढ्यात नात घरात पळाली आणि साठवलेल्या गोळ्यांचा डबा घेऊन आली. बाईंनी मुदत उलटलेल्या गोळ्या काढून टाकल्या. उरलेल्यांतली एक नातीने आजीच्या तळहातावर ठेवली आणि पाण्याचा पेला पुढे केला.

आजीने मुकाट्याने गोळी गिळली.

"आ कर बघू," नात म्हणाली, आणि टाचा उंचावून तिने आजीच्या तोंडात नीट डोकावून पाहिलं.