गोपालचं उत्तर

रत्नदीपचं आर्वीला मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. उरलेल्या वेळात तो एका संस्थेचं काम करायचा. ज्यांचा जीव पुरुषांवरच जडतो आणि ज्यांना एचआयव्हीच्या गोळ्या चालू आहेत, अशा काही पुरुषांची काळजी त्याच्यावर सोपवली होती. तोही त्यांच्यातलाच. रोज संध्याकाळी तो प्रत्येकाला मेसेज टाकायचा, ‘जेवण झालं का?’ गोळी घेतली की उत्तर यायचं, ‘झालं.’ फोन घरच्यांच्या हाती पडला तरी संशय नको, म्हणून ही बोली.

गोपालचं उत्तर सगळ्यांच्या आधी यायचं. कारंज्याजवळच्या खेड्यात तो आई कोकिळाबाईंसोबत राहायचा. कधीकाळी गोपाल आणि रत्नदीप एकमेकांचे होते. ते मागे पडलं, माया तेवढी उरली.

दिवाळीनंतर गोपाल दवाखान्यात भरती झाल्याचं कळलं आणि रत्नदीप धावत गेला. खाटेवर नुसता हाडांचा सापळा.

“गोळ्या कधी बंद केल्या?”

“उन्हाळ्यातच. मायनं बाटली पाह्यली, काह्याचं औषध म्हनून विचारलं. मी ताकदीचं म्हनलं, अन् भेवानं मीच फेकून देल्ली.”

“मंग मले रोज ‘झालं’ काऊन लिहीत होता?”

गोपालने चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली. “नाई म्हनलं असतं तं तू रागावला असता, मेसेज बंद केला असता. दिवसभरात मले तेवढंच कोनी विचारत होतं गा.”

वॉर्डात माणसं होती, तरी रत्नदीपने त्याचा हात धरला, तो सोडला नाही.

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, पण टीबीने त्याला आतून पोखरलं होतं. थोड्याच दिवसांत गोपाल गेला.

तेरवीला पंगती उठल्यावर कोकिळाबाईंनी रत्नदीपला आत बोलावलं. गोपालला एचआयव्ही होता, हे त्यांना दवाखान्यातच कळलं होतं.

“तुले मालूम होतं?”

“हो, माय.”

“मंग मले काऊन नाई सांगतलं रे?”

“त्यानं शपथ घातली होती. माय घराबाहेर काढन, असं वाटे त्याले.”

“मी?” त्या भिंतीला टेकत खालीच बसल्या. “लहानपनी ताप आला का गुळात घालून गोळी चारो मी त्याले. हेबी चारली असती.”

रत्नदीप त्यांच्याजवळ जमिनीवर बसला. आर्वीची शेवटची बस निघून गेली, तरी उठला नाही.