अर्ध्या घोड्यावर

मेलेल्या माणसाच्या घरचा लिलाव असला की आमच्या डोंगरात अख्खं गाव जमतं. घेणारे चार, बघणारे सगळे. हार्लन टिट्सवर्थच्या कोठारापुढे मी गेले होते ती एक बरी शिडी मिळेल म्हणून. शिडीचा नंबर यायच्या आधी लिलाव पुकारणाऱ्या विल्बरने टेबलाखालून एक गंजलेली, लिव्हरने गोळी भरायची रायफल काढली आणि डोक्यावर धरली. दस्त्याच्या डाव्या अंगाला, तळहाताएवढा, जळल्याचा काळा डाग होता.

तो डाग मी कुठेही ओळखला असता. माझ्या धाकट्या भावाने, क्लेने, शिकारीच्या कॅम्पवर ती रायफल तापलेल्या शेगडीला टेकून ठेवली होती आणि त्याबद्दल बाबांनी त्याला चारचौघांत असा झापला होता की पोरगं रात्री जेवलंच नाही.

मी हात वर केला.

“लोर्ना, अगं बाई, हे सरपण आहे,” विल्बर माइकवरून म्हणाला. “तू शिडीला आलीयस ना?”

“तू बोली पुकार विल्बर. अक्कल विकायला ठेवलीस की सांग, तुझ्यासाठीच घेऊन ठेवीन.”

लोक हसले. मग कुणाच्या तरी लक्षात आलं ही रायफल कुठली ते, आणि हसणं मागच्या रांगेपर्यंत विझत गेलं. माझ्यावर बोली कुणीच चढवली नाही. शिडी राहिली ती राहिलीच.

क्ले ह्याच रायफलीने गेला. हरणांच्या हंगामाचा पहिला दिवस, सकाळची वेळ, एका आडव्या पडलेल्या झाडाशी तो सापडला, गोळी हनुवटीखालून वर गेलेली. सरकारी कागदावर अपघात असं लिहिलं गेलं. पण कागदाला विचारतो कोण? आठवडाभर आधीच त्याची बायको रोझॅन भांडून आईकडे निघून गेली होती, हे गावाला ठाऊक होतं. आणि दफनाच्या दिवशी चर्चच्या पायऱ्यांवर माझे बाबा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “अर्ध्या घोड्यावरची बंदूक आपोआप उडत नाही. मी माझ्या पोराला तसं शिकवलेलं नाही.”

झालं. ओरिन स्वान्सनने, माझ्या बाबांनी, म्हटलं म्हणजे संपलं. ह्या खोऱ्यात निम्म्या लोकांना बंदूक धरायला बाबांनी शिकवलंय. आमच्या जुन्या रायफलींना गोळी अडवणारी वेगळी कळ नसते. गोळीवर आपटणारा घोडा अर्धा मागे ओढला की तो मधल्या खाचेत अडकतो, मग चाप ओढा नाहीतर बंदूक आपटा, घोडा जागचा हलत नाही. तशीच भरलेली बंदूक घेऊन आम्ही दिवसभर रान तुडवतो. घोड्यावर अंगठा ठेवून चालणाऱ्याला बाबा हसायचे. म्हणायचे, “अंगठा काढ रे. बंदुकीचा हात धरून शाळेत नेतोयस काय?”

तेव्हा बंदूक आपोआप उडाली नसेल तर क्लेने उडवली, आणि उडवली तर कुणापायी, हे गावाने आपल्या मनाशी ठरवून टाकलं. रोझॅन घरातच बायकांचे केस कापायची. तिच्या खुर्चीत बसायला कुणी येईना. शेवटी ती पलीकडच्या गावात म्हाताऱ्यांच्या आश्रमात रात्रपाळीला लागली, ती अजून तिथेच आहे. हंगामाच्या आदल्या संध्याकाळी गावच्या आगीच्या बंबवाल्यांच्या हॉलमध्ये सगळ्यांचं जेवण असतं. आधी सगळ्यांत म्हातारा शिकारी उठतो आणि शिकारीला जाऊन परत न आलेल्यांची नावं घेतो. हे काम कित्येक वर्षं बाबांकडेच आहे. क्लेचं नाव त्यांनी एकदाही घेतलेलं नाही. स्वतःच्या हाताने गेलेल्याचं नाव घ्यायचं नाही असा नियम कुणी केलेला नाही. घेत नाहीत, एवढंच.

रायफल घरी आणली तेव्हा तिचं काय करायचं हे मला माहीत नव्हतं. ती परक्या हातात जायला नको, एवढंच होतं डोक्यात. पण वस्तू अशी गंजत पडलेली मला बघवत नाही. जन्मभर शाळेची बस चालवली, तिचं इंजिन स्वतः खोललं. हाताला सवय आहे. स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुनी चादर अंथरली आणि बसले.

गंज वरवरचा होता. तेल आणि तारेचा बारीक बोळा घेऊन हळूहळू घासत गेले तसा खालचा निळसर काळा रंग दिसू लागला. घाई केली की गंजाबरोबर तो रंगही जातो, म्हणून मी घाई केली नाही. नळीच्या आत कोळ्याने घर केलं होतं. म्हणजे हार्लनने ती कधी वापरलीच नव्हती. दस्त्यावरचं जुनं व्हार्निश काढलं, जवसाचं तेल चोळलं, वाळू दिलं, पुन्हा चोळलं. अक्रोडाचं लाकूड भुकेलं होतं, तेल पीतच राहिलं. जळका डाग मात्र मी ठेवला. त्याच्यावर घासायचा कागद फिरवायला हात धजेना.

मग घोड्याकडे वळले. रायफल रिकामी आहे ना हे पुन्हा पाहिलं, घोडा अर्ध्यावर ओढला. टक् करून खाचेत बसला. लहानपणापासून ऐकलेला आवाज. सवयीने मी अंगठा काढला आणि दस्ता टेबलावर जरासा आपटला.

घोडा पडला.

मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. पुन्हा ओढला, पुन्हा आपटला. पुन्हा पडला. मग तर नुसत्या टिचकीनेही पडायला लागला.  

घोडा सोडवून दिव्याखाली धरला. मधल्या खाचेची कड जिथे जाड असायला हवी तिथे कागदासारखी पातळ झाली होती, एका कोपऱ्यात तुटलेलीही होती. झिजली असती तर गुळगुळीत असती. हिच्यावर तिरक्या, बारीक, एकासारख्या एक रेघा होत्या. कानशीच्या.

आणि कानस कुणाची हे मला कुणाला विचारायला नको होतं. क्ले सोळा वर्षांचा झाला तेव्हा ही रायफल त्याला देताना बाबा अख्ख्या कॅम्पला सांगत फिरले होते, “चाप लोण्यासारखा करून दिलाय पोराला. नुसता श्वास सोडला तरी सुटेल.” चाप हलका करायला घोड्याची मागची खाच घासली, मग पडता पडता घोडा मधल्या खाचेत अडखळायला लागला, म्हणून तीही घासली असणार. क्ले त्या आडव्या झाडावरून चढताना घसरला असेल, दस्ता खाली आपटला असेल, आणि अंगठा घोड्यावर नसेलच, कारण बापाने तसं शिकवलं होतं.

मी चांगला घोडा मागवला, पण तो बसवायच्या आधी जुनाच परत घातला आणि रायफल घेऊन बाबांकडे गेले. म्हातारा खिडकीपाशी बसून सूप पीत होता. अजून ताठ, अजून तोंडाचा फटकळ.

“काय गं, कुणाला मारायला निघालीस?”

“कुणाला नाही. रिकामी आहे. बघा, ओळखताय का.”

दस्त्यावरच्या डागावर नजर गेली तसा त्यांचा चमचा बशीत राहिला.  मग शिकाऱ्याचे हात त्यांच्या मालकाला न विचारता पुढे आले. रायफल घेतली, लिव्हर उघडून आत पाहिलं, मिटला, घोडा अर्ध्यावर आणला.

आणि अंगठा काढला नाही. उलट दुसऱ्या हाताचं बोट घोड्याच्या पुढे घातलं, पडला तर बोटावर पडावा म्हणून.

अख्ख्या आयुष्यात त्यांना असं करताना मी पाहिलं नव्हतं.

“तुम्हाला माहीत होतं,” मी म्हणाले.

“काय माहीत होतं?”

“बोट काढा मग.”

त्यांनी बोट काढलं नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही.

“कधीपासून, बाबा?”

“शेरीफकडून परत आणली त्या दिवसापासून.” आवाज अगदी साधा होता. “कोठारात नेऊन पाहिली. टिचकीने पडला.”

“मग?”

“मग काय. हार्लनला दिली. म्हटलं मोडकी आहे, भिंतीवर टांग.”

“मोडून का नाही टाकलीत? नदीत का नाही फेकलीत?”

“चांगली रायफल आहे ती, लोर्ना.” माझ्या आईच्या शपथेवर सांगते, त्यांना माझा प्रश्नच कळला नव्हता. “चांगली रायफल कोण फेकतं?”

मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला की त्यांच्यापुढचं सूप उचलून भिंतीवर मारावंसं वाटलं. “रायफल फेकवली नाही तुमच्याने! आणि रोझॅन? तिला फेकलीत ती? पायऱ्यांवर जे बोललात ते एकदा परत घेता आलं नाही?”

“आधी बोलून गेलो होतो गं. रायफल नंतर आली.” त्यांचे डोळे भरले, पण मला दया आली नाही. “एकदा बोलून गेल्यावर...”

“रविवारी हंगामाच्या जेवणाला बोलाल,” मी म्हणाले. “सगळ्यांपुढे. नाहीतर मी बोलेन.”

रोझॅनला मी जेवणाला बोलावलं, पण कारण सांगितलं नाही. सांगायचं ते बाबांनीच. फोनवर ती कडवट हसली. “मला तिथे कोण वाढणार?”

“मी वाढीन. तू ये.”

ती आली. आश्रमातले कपडे तसेच, वर कोट. हॉलमध्ये हॅम, बटाटे, हरणाच्या मांसाचं सॉसेज, नेहमीचा गोंगाट. आम्ही टेबलाशी बसलो तशा शेजारच्या दोघी ताटं उचलून दुसरीकडे गेल्या. रोझॅन ताटाकडे बघत राहिली.

बाबा उठले. नावं घेतली, जुन्यापासून नव्यापर्यंत. शेवटच्या नावानंतर थांबले आणि म्हणाले, “आणि माझा पोरगा. क्ले.”

 मग कुणीतरी नाक ओढलं. विल्बर उठून बाबांच्या खांद्यावर हात ठेवायला गेला. “मोठं मन आहे तुझं, ओरिन,” तो म्हणाला, आणि चार माना हलल्या. बाबा खाली बसायला लागले. माफ करणारा बाप होऊन बसायला लागले, हो!

मी उठले, खिशातला जुना घोडा काढला आणि त्यांच्या ताटाशेजारी ठेवला. “पुढचं, बाबा.”

त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. खुर्चीची पाठ धरून ते अर्धवट वाकलेलेच राहिले, ना उभे ना बसलेले.

“ह्याची खाच मी घासली होती,” ते म्हणाले. “चाप हलका करायला. अर्ध्यावर राहत नव्हता घोडा. पोरगं पडलं, बंदूक उडाली. त्याने काही केलं नाही. तिने काही केलं नाही. मला तेव्हाच कळलं होतं.”

विल्बरने खांद्यावरचा हात काढून घेतला.  मागच्या टेबलावर एकाने हळूच आपल्या पोराला कोट घालायला सुरुवात केली, मग आणखी एकाने. बाबांच्या समोरून लोक गेले, एकानेही त्यांच्याकडे पाहिलं नाही. म्हातारा खुर्ची धरून तसाच.

रोझॅन उठून त्यांच्यासमोर आली. मला वाटलं, थोबाडीत मारेल. मारली असती तर मी तिला अडवलं नसतं. पण तिचं लक्ष त्यांच्याकडे नव्हतंच.

“मी परत येत होते,” ती मला म्हणाली. “त्याच सकाळी. बॅग गाडीत होती. आदल्या रात्री निघाले असते तर तो जगला असता, असंच मी रोज धरून चालत आले.”

तिने तो घोडा ताटाशेजारून उचलला आणि तळहातावर ठेवला. अंगठ्याच्या दोन पेरांपेक्षा मोठा नव्हता. तिने तो उलटा केला, पुन्हा सुलटा केला, कानशीच्या रेघांवरून नख फिरवलं.

“एवढंसं?” ती म्हणाली.