दांड्यावरची पाटी

पाटी जागेवर नव्हती. तिच्या ठिकाणी झेंडूचा हार लोंबत होता.

हैबतराव ढमाले पाहुण्यांना रस्त्यावरून मांडवात घेऊन आले. सवयीनं त्यांची नजर आधी मेन स्विचच्या दांड्याकडे गेली, आणि तळपायाची आग मस्तकात गेली. धुळा मरगळे अजून धनगरवस्तीच्या शेवटच्या खांबावर तारा जोडत होता, आणि त्याची पाटी कुणीतरी काढली होती.

आता पाटी म्हणजे काय, ते आधी सांगतो. लाइनीवर चढणारा माणूस पहिल्यांदा स्विचचा दांडा खाली ओढून वीज तोडतो आणि दांड्याला स्वतःची पाटी अडकवतो. मग वर चढतो. काम झालं की उतरतो आणि आपल्याच हातानं ती काढतो. दुसऱ्या कुणी तिला हात लावायचा नाही. साहेबानं नाही, साहेबाच्या साहेबानंही नाही. कुलपाचासुद्धा एवढा भरवसा नसतो, कारण किल्ली कुणाच्याही खिशात जाते. धुळाला लिहिता येत नव्हतं, म्हणून त्यानं आपल्या लाल पत्र्याच्या कडेला दोन खाचा मारल्या होत्या. घरची मेंढरं ओळखू यावीत म्हणून त्यांच्या कानाला मारतात, तशाच.

ही गोष्ट एकोणसाठ सालची. बोरवाडी मुळशीच्या धरणाच्या अगदी काठाला. इथलं पाणी घाटाखाली उतरून त्याची वीज मुंबईला जायला लागली त्याला तीस वर्षं होऊन गेली होती, आणि बोरवाडीत अजून रॉकेलच्या चिमण्या. हैबतरावांचं गाव याच पाण्याखाली गेलं तेव्हा ते सहा वर्षांचे होते. पुढं पुण्यात वायरमनच्या हाताखाली लागले. कॉलेजचं तोंड पाहिलं नाही. पण विद्युत अभियंता सभेची एक परीक्षा होती, तिला पदवी लागत नसे. सभेच्या एका म्हाताऱ्या सभासदानं त्यांना दर रविवारी घरी बोलावून गणित शिकवलं, पदरचा चहा पाजून. तिसऱ्या खेपेला ते पास झाले. त्या एका कागदावर खांबावर चढणारा माणूस खुर्चीत बसला, ढमाल्याचा ढमालेसाहेब झाला.

त्या दिवसापासून सभा म्हणजे त्यांचं दुसरं घर. पुणे शाखेचे मानद चिटणीस होऊन त्यांना सहा वर्षं झाली होती. मानद म्हणजे बिनपगारी. व्याख्यानांची पत्रं तेच लिहायचे, खुर्च्या तेच मांडायचे, आणि अध्यक्षांची भाषणंही तेच लिहून द्यायचे. शाखेची सुरक्षा पुस्तिका अथपासून इतिपर्यंत त्यांनी लिहिली. प्रस्तावना अध्यक्ष आगटेसाहेबांची, फोटोही आगटेसाहेबांचा. हैबतरावांना त्याचं काही वाटलं नव्हतं. सभेचं काम, कुणाच्या का नावानं होईना.

बोरवाडीला दिवे द्यायचे हेही त्यांच्याच डोक्यातून निघालं. सरकारी लाइन पौडपासून जवळ आली होती, सरकारनं डीपी बसवून दिली, पुढचं काम सभेनं श्रमदानानं करायचं ठरलं. सव्वीस रविवार लागले. पहिल्या रविवारी तीस सभासद आले, कोट काढून खड्डे खणले, फोटो काढले. दहाव्या रविवारी चार आले. शेवटी शेवटी हैबतराव, भिकू वायरमन आणि धुळा, एवढेच उरले. धुळा वरच्या धनगरवस्तीचा. मेंढरं भावाकडं सोपवून तो रोजंदारीवर लाइनीच्या कामाला लागला होता आणि माकडासारखा चढत होता.

त्या वस्तीवरूनही भांडण झालंच. “पाच घरांसाठी तीन खांब कशाला? अहो, पाहुण्यांना खालून दिसणारसुद्धा नाहीत,” आगटेसाहेब म्हणाले होते. हैबतराव पहिल्यांदा त्यांच्याशी भांडले आणि तीन खांब मिळवले. पण ते मिळाले उद्घाटनाच्या आठवड्यात. म्हणून ऐन समारंभाच्या दिवशी धुळा वर होता. “चारच्या आत उरकतो, साहेब,” असं सांगून तो गेला होता, आणि पाहुणे चारच्या ऐवजी सव्वातीनला येऊन थडकले.

मुंबईचे पाहुणे म्हणजे सभेचे अखिल भारतीय अध्यक्ष. ते खुर्चीवर बसले, सभेचा शिपाई नथू त्यांच्यासाठी चहा घेऊन आला, आणि हैबतरावांनी आगटेसाहेबांना कनातीमागे गाठलं.

“पाटी कुठं आहे?”

“कसली? हां, ती होय. काढून ठेवली. फोटोत फार वाईट दिसत होती हो. गंजका पत्रा तो.”

“धुळा वर आहे, साहेब.”

“मला ठाऊक आहे. त्याला उतरायचा निरोप धाडलाय मी. नथूला सांगितलंय.”

हैबतरावांनी वळून पाहिलं. नथू मांडवात हसतमुखानं कपबशा वाटत होता. बिचाऱ्याला आधी चहा दे म्हणून दुसऱ्या कुणी सांगितलं असणार. चूक त्याची नव्हती. निरोप नेईल तो नेईल आणि उतरेल तो उतरेल, या भरवशावर पाटी खिशात घालणाऱ्या माणसाची होती. आणि तो माणूस वायरमन नव्हता, शिकाऊ नव्हता, विजेत तीस वर्षं घालवलेला मोठा इंजिनिअर होता. काय म्हणावं याला?

“नथू इथंच आहे,” हैबतराव म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला. “पाटी द्या.”

“अहो, आत्ता धाडतो की त्याला. भाषण आहे, दहा मिनिटं जातील. तोवर येईल खाली.” आगटेसाहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “ढमाले, आज शाखेच्या पुढच्या वर्षीच्या अध्यक्षपदासाठी तुमचं नाव मी इथंच जाहीर करणार आहे. पाहुण्यांच्या देखत. पदवी नसलेला पहिला अध्यक्ष. काही लोकांचा विरोध होता, मी मोडून काढला. आता उगीच तमाशा करू नका.”

खोटं कशाला सांगू, हैबतरावांना ते पद हवं होतं. फार हवं होतं. रविवारी गणित शिकवणारा तो म्हातारा आता थकला होता, त्याच्या कानावर ही बातमी घालायची, एवढं एकच त्यांनी कितीदा मनात रंगवलं होतं. खांद्यावरचा तो हात क्षणभर त्यांना चांगलाही वाटला, आणि त्याचाच त्यांना सर्वांत जास्त संताप आला.

त्यांनी तो हात झटकला. आगटेसाहेबांच्या कोटाच्या खिशातून लाल पत्र्याचा कोपरा डोकावत होता. हैबतरावांनी तो सरळ ओढून घेतला. अध्यक्षांच्या खिशात हात घालणारा चिटणीस सभेनं कधी पाहिला नसेल, तो त्या दिवशी पाहिला. मग ते मांडवातून तडक दांड्याकडे गेले, हार उपटून बाजूला टाकला, पाटी अडकवली आणि दांड्याला पाठ लावून उभे राहिले.

“भिकू, धुळाला घेऊन ये. पळत जा.”

भिकू पळाला. पाहुण्यांनी विचारलं, काय भानगड आहे? आगटेसाहेब हसत पुढं आले. “काही नाही, आमचे चिटणीस जरा भावनाप्रधान आहेत. इतके रविवार राबलेत, मनावर ताण येतो.”

“लाइनीवर माणूस आहे,” हैबतराव म्हणाले. “त्याची पाटी काढली गेली होती. तो येऊन स्वतः काढेपर्यंत दांडा वर जाणार नाही.”

मांडवात चाळीस इंजिनिअर बसले होते. कुणी गिरण्यांची वीज सांभाळत होतं, कुणी शहराची. एकेकाला हा नियम झोपेतून उठवून विचारला असता तरी म्हणून दाखवला असता. निम्म्यांच्या हातात तर समारंभाची भेट म्हणून वाटलेली सुरक्षा पुस्तिकाच होती. एकानंही तोंड उघडलं नाही. कुणी बुटाकडे पाहिलं, कुणी कार्यक्रमपत्रिकेनं वारा घेतला. ज्यांच्यासाठी सहा वर्षं खुर्च्या मांडल्या, ते त्याच खुर्च्यांना चिकटून बसले. हैबतरावांना आगटेसाहेबांपेक्षा या चाळीस जणांची जास्त चीड आली.

पाहुणे दहा मिनिटं थांबले, घड्याळ पाहिलं, मुंबई गाठायची आहे म्हणाले, आणि आपलं भाषण छापील स्वरूपात सगळ्यांना पाठवू असं सांगून मोटारीत बसले. त्यांच्या मागोमाग मांडव उठला. जाताना आगटेसाहेब थांबले. चेहरा लालबुंद, आवाज मात्र साखरेत घोळलेला.

“सभेनं तुम्हाला वर आणलं, ढमाले. तुम्ही सभेला खाली पाहायला लावलंत. पाहुण्यांना पौडपर्यंत पोचवून येतो. तोवर राजीनामा लिहून ठेवा.”

सभासदांची बस धुरळा उडवत गेली. गड्यांनी कनाती सोडायला सुरुवात केली. मागं राहिले हैबतराव, उलट्यासुलट्या खुर्च्या आणि भिंतीच्या कडेला बसलेली वाडीतली माणसं. धोंडाबाई नावाची एक म्हातारी तिथूनच म्हणाली, “दिवा न्हाई तर न्हाई बाबा. इतकी वर्सं कुटं व्हता?”

तेवढ्यात भिकूमागून धुळा उतरून आला. खांद्यावर दोर, हात काळे.

“एक जोड ऱ्हायला, साहेब. म्होटी मानसं कुटं गेली?”

“गेली.” हैबतरावांची नजर त्याच्या हातांवर गेली. “हातमोजे कुठं आहेत तुझे?”

“काढून खांबाला अडकिवलेत. बारीक तार त्यात घावत न्हाई.” धुळाला प्रश्नच विचित्र वाटला. “पाटी व्हती न्हवं?”

उघड्या हातांनी तार धरून हा माणूस वर उभा होता, आणि तेवढा वेळ दांड्यावर झेंडूचा हार होता. सांगितलं नसतं तर धुळाला कधीच कळलं नसतं. ते गप्प बसू शकले असते. पण आज गप्प बसलेली माणसं त्यांनी पोटभर पाहिली होती.

“नव्हती,” ते म्हणाले. “मी रस्त्यावर गेलो तेव्हा काढली होती. मी परत आल्यावर लावली.”

धुळानं पाटी दांड्यावरून काढून हातात घेतली, दोन खाचांवरून अंगठा फिरवला. मग त्याच्या कपाळावरची शीर उठली.

“कुनी काढली?”

“आमच्या सभेनं.”

“तुमी बी त्यातलंच न्हवं?”

पुण्यात वीस वर्षं घासून घासून शुद्ध केलेली हैबतरावांची जीभ त्या क्षणी उलटी फिरली. “व्हय,” ते म्हणाले. “मी बी त्यातलाच.”

“मंग ऱ्हायलेला जोड तुमी करा.” धुळानं दोर त्यांच्या पायापाशी टाकला. “मी चडत न्हाई. घरात बायकू बानूबाई हाय, दोन पोरी हायेत. मी हितं दांड्यापाशी हुबा ऱ्हातो. तुमी जावा वर.”

भिकू मध्ये पडायला निघाला होता, हैबतरावांनी त्याला हातानं अडवलं. धुळाचं बरोबर होतं. त्यांनी कोट काढून खुर्चीवर टाकला. पण चढायचं तर दांड्यावर पाटी हवी, आणि ती चढणाऱ्याची स्वतःची हवी. साहेब झाल्यावर त्यांची पाटी कधीच मोडीत गेली होती. त्यांनी छातीवर हात फिरवला. तिथं फितीला सभेचा पितळी बिल्ला होता, वर ‘मानद चिटणीस’ आणि खाली त्यांचं नाव. त्यांनी तो काढला, फीत दांड्याला घट्ट बांधली आणि दोर उचलून वस्तीची वाट धरली.

चौदा वर्षांनी ते खांबावर चढत होते. मांड्या भरून आल्या, एकदा पाय सटकला, स्वतःच्या ढेरीला त्यांनी शिव्या घातल्या. वर धुळाचे हातमोजे लटकत होते. ते घालून पाहिले, बारीक तार खरंच सापडेना. मग त्यांनीही ते काढले आणि उघड्या हातानं तार धरली.

धरली, आणि सहज खाली नजर गेली. कनाती निघाल्यामुळं दांडा स्वच्छ दिसत होता. आगटेसाहेबांची मोटार परत आली होती. साहेब उतरून दांड्याकडे गेले, बिल्ला बघून थबकले, मग हात लांब करून काहीतरी बोलले. काय ते वर ऐकू येत नव्हतं. पण समजायला ऐकायची गरज नव्हती. बिल्ला सभेचा, चिटणीसपद गेलं, तो परत द्या. तारेवरच्या हैबतरावांच्या बोटांना घाम फुटला. धुळाला आज रागावायचा पुरता हक्क होता. तो नुसता बाजूला झाला असता तरी पुरे होतं.

धुळा बाजूला झाला नाही. तो आगटेसाहेब आणि दांडा यांच्यामध्ये येऊन उभा राहिला. दरीपलीकडच्या मेंढरांना हाक मारायची सवय असलेला त्याचा आवाज सगळ्या वाडीला ऐकू गेला.

“हात लावू नगा, साहेब. ज्याचा हाय त्यो वर हाय.”

आगटेसाहेबांचा लांब केलेला हात तसाच थोडा वेळ राहिला. मग तो खिशात गेला आणि साहेब मोटारीकडे वळले. हैबतरावांनी शर्टाच्या बाहीला बोटं पुसली आणि राहिलेला जोड करायला घेतला.