मावशीचा खोकला

जुन्या रेकॉर्डमधली खरखर काढून त्या लख्ख करायच्या, हे माझं काम. या खेपेला हाती आली काकांची सगळ्यात गाजलेली चाल. काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. मोठे संगीतकार, आता नाहीत. तर त्या चालीत पेटी थांबते, बारीकसा खोकला येतो आणि मग व्हायोलिन-बासरी सुरू होतात.

"तो खोकला आधी उडवा," रेकॉर्ड कंपनीचे मालक म्हणाले.

मी गंमत म्हणून मावशीला फोन लावला. "काय गं, काकांच्या रेकॉर्डिंगला कोण मेलं खोकत होतं?"

"मी."

"घसा बसला होता?"

"घसा कसला बसतोय! अगं, चाल माझी, वादकांना बसवून दिली मी. हात हलवायला मात्र तुझे काका पुढे. पेटी थांबल्यावर सुरू करायची जागा त्यांना काही केल्या सापडायची नाही. मग मी दाराशी उभी राहून खोकायचे, की व्हायोलिन-बासरीवाले दोघे सुरू." जरा थांबून म्हणाली, "त्या रेकॉर्डमध्ये माझं तेवढंच आहे गं. राहू दे ना."

माझं डोकंच फिरलं. घरातल्या प्रत्येक लग्नात त्या चालीवर आम्ही नाचलो, आणि ही बाई कौतुकाने काकांना पाणी नेऊन देत होती! तडक मालकांपुढे जाऊन उभी राहिले.

"पुरावा काय?" ते म्हणाले. "उद्या म्हणाल, चाल मांजराने केली."

खोकला उडवावा लागला.

प्रकाशनाच्या तालमीला मावशीला मी ओढूनच नेलं. रेकॉर्डची नुसती सुरुवात वाजणार होती आणि पुढचं त्याच दोन जुन्या वादकांनी समोर बसून वाजवायचं होतं. पेटी वाजली, थांबली. व्हायोलिनचा गज तारेवर, बासरी ओठाशी, आणि दोघे आपले ढिम्म!

"अहो, वाजवा की!" मालक ओरडले.

"खोकला कुठाय?" व्हायोलिनवाले म्हणाले. "त्याशिवाय कसं सुरू करायचं? जन्मभर तसंच वाजवलंय."

मागच्या खुर्चीवरून मावशी खोकली. दोघे एकदम सुटले! मला रडूच फुटलं.

वाजवून झाल्यावर मालकांनी हळूच विचारलं, "म्हणजे चाल..."

"वहिनींची. ही काय, सगळ्याच," बासरीवाले म्हणाले. "साहेब म्हणायचे, घरातलं घरात राहू दे. आणि तुम्ही तरी कधी विचारलंत?"

"घ्या पुरावा!" मी म्हणाले. मालकांनी तिथल्या तिथे कव्हरवरचं नाव बदलायला सांगितलं.

रेकॉर्डमध्ये खोकला मी परत जागेवर बसवला, आणि नवं कव्हर छापून आलं तसं ते घेऊन मावशीकडे गेले. चष्मा पुसून तिने 'संगीत' या शब्दापुढचं स्वतःचं नाव वाचलं. त्यावरून बोट फिरवलं, पुन्हा वाचलं.

मग म्हणाली, "आता काढून टाक गं तो खोकला. चांगल्या चालीत खुपतो."