पिपात मुरलेली

"या वाइनला ओल्या गोणपाटाचा वास मारतोय!" पाहुण्या बाईंनी पेला टेबलावर ठेवला, तशी आजूबाजूच्या टेबलांवरची बोलणी थांबली.

बाटली मावशींनी उघडली होती. या रेस्टॉरंटात वाइन वाढण्याचं काम उभा जन्म त्यांनीच केलं. बूच काढायचं, नाकाशी धरायचं, मगच पेल्यात ओतायचं. बिघडलेली बाटली त्यांच्या हातून टेबलापर्यंत कधी गेली नव्हती.

मॅनेजर धावत आला. वयाने त्यांच्या लेकीएवढा. "मावशी, बूच हुंगलं होतंत ना?"

"हुंगलं होतं. वास आला नाही. मोठा ताप येऊन गेला, तेव्हापासून कसलाच येत नाही. परवा दूध जळून कोळसा झालं, तरी कळलं नाही."

हे त्यांनी घरी लेकीलाही सांगितलं नव्हतं. आता चार लोकांत सांगून टाकलं आणि मान ताठच ठेवली.

मॅनेजरने त्यांना आत स्वयंपाकघरात नेलं. "उद्यापासून दाराशी पाहुण्यांचे कोट सांभाळा. बसून काम, पगार तोच. या वयात कशाला दगदग?"

"दगदगीची तक्रार मी केली का कधी?"

"पण वासच येत नाही म्हटल्यावर..."

भट्टीपाशी म्हातारा आचारी खुसखुसला. "वास गेला, तोरा मात्र शाबूत आहे हो हिचा!"

"तू गप रे. कोकराची मांडी झाली ना? एक तुकडा काप, चरबीसकट."

मावशींनी त्याच वाइनची दुसरी बाटली उघडली. स्पेनची तांबडी, ओकच्या पिपात वर्षानुवर्षं मुरलेली. पहिल्यांदा चाखली तेव्हा त्या ऐन विशीत होत्या. कच्चं केळं चावल्यासारखं तोंड आवळलं होतं. शिकवणारे मास्तर पोट धरून हसले होते. "अगं पोरी, एकटी असली की ती अशीच फुरंगटते. तिला सोबत दे." आणि त्यांनी भाजल्या मांसाचा तुकडा पुढे केला होता. ते मास्तर गेले, ते जाड काचेचे पेले गेले, गुडघ्यापर्यंत लोंबणारी टेबलावरची पांढरी कापडं गेली. पण तो घास अजून मावशींच्या तोंडात होता.

त्यांनी घोटभर घेतली. हिरड्या कोरड्या पडल्या, जीभ खरखरीत झाली. मग मांस चावलं. चरबी पसरली तशी ती पकड हळूहळू सुटली, मागून हलकासा आंबटपणा आला आणि तोंड लख्ख झालं. व्हॅनिलाचा वास नव्हता, धुराचा नव्हता. अर्धी वाइन दाराबाहेरच राहिली होती. पण आत आलेली अर्धी त्यांच्या पूर्ण ओळखीची होती.

"मी कोटांपाशी बसणार नाही," त्या म्हणाल्या.

"आणि पुन्हा खराब बाटली गेली तर?"

"बूच पाहुण्यांच्याच हातात देईन. मला वास येत नाही, असं तोंडावर सांगेन. बाकीचं सगळं येतं मला. नको असेन, तर चला, पाहुण्यांसमोरच मला कामावरून काढा."

उत्तराची वाट न बघता त्या बाटली घेऊन बाहेर गेल्या.

"तुम्ही मागवलेला मासा मी आत थांबवलाय," त्यांनी पाहुण्या बाईंना सांगितलं. "या वाइनवर मासा खाल्लात, तर लोखंड चाटल्यासारखं लागेल. मासाच हवा असेल तर पांढरी आणते. हीच हवी असेल, तर कोकरू घ्या. नाहीतर मेंढीच्या दुधाचं जुनं, कडक चीज."

"अहो, तुम्ही तर मला दटावताय!"

"हो."

बाई हसल्या. "बरं बाई, आणा कोकरू."

मावशींनी नव्या पेल्यात घोटभर ओतून बूच पुढे केलं. "मला वास येत नाही. तुम्ही बघा."

मॅनेजर स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. तो पुढे आला नाही.

बाईंनी बूच हुंगलं, मग पेला. "ही चांगली आहे."

"नुसतं चांगली नको. नीट सांगा."

"व्हॅनिला... सुकवलेल्या चेरी." बाईंनी पुन्हा पेल्यात नाक घातलं. "आणि जुनं लाकडी कपाट उघडल्यावर वास येतो ना, तसा काहीसा."

फडक्यात धरलेली बाटली छातीशी घेऊन मावशींनी डोळे मिटले.

"आणखी?" त्यांनी विचारलं.