काखेतला खिसा

"नाडी बंद! बापू गया!"

वाडी भागातल्या एका हॉलमध्ये दर गुरुवारी हा आरडाओरडा व्हायचा. अमरनाथ बापू गादीवर आडवे होत, एक सेवक त्यांचं उजवं मनगट चाचपे आणि हुंदके सुरू होत. तीन मिनिटांनी बापू डोळे उघडत. मेलेला माणूस उठल्या उठल्या केशरी दूध मागतो, हे आमच्या बडोद्यातच बघावं!

मी करजणच्या कारखान्यात सुरक्षा विभागात आहे; प्रथमोपचार तिथेच शिकले. शेजारच्या कौशल्याकाकूंनी फारच गळ घातली म्हणून गेले होते. बापूंच्या कफन्या शिवायची सेवा त्यांच्याकडे. बापू नुकतेच 'जिवंत' झाले होते, तेवढ्यात काकूंचे यजमान श्रीपतराव खुर्चीतून कोसळले. हाकेला ओ नाही. मध्येच घशातून नुसती घरघर.

"कोई हाथ न लगाडशो!" बापू गरजले. "समाधि लागी छे. जुओ, श्वास ले छे!"

काकूंनी हात जोडले. माझं डोकंच फिरलं.

"काकू, हा श्वास नाही! हृदय थांबलंय. सरका!"

छातीच्या मधोमध तळवे रोवून मी दाबायला लागले, जोरात आणि भरभर. एका सेवकाने माझा दंड धरला.

"नंतर हाकला मला," मी ओरडले. "आधी १०८ला फोन लावा! आणि मी दमले की तुम्ही दाबा!"

तो खरंच शेजारी बसला. आळीपाळीने आम्ही अकरा मिनिटं दाबलं. मग ॲम्ब्युलन्सवाल्यांनी विजेचा झटका दिला आणि काकांचं हृदय पुन्हा चालू झालं.

काका वाचले. दोन बरगड्या मोडल्या होत्या, पण माणूस बोलता-चालता घरी आला. पुढच्या गुरुवारी बापूंनी जाहीर केलं, "श्रीपतने यमना हाथमांथी में छोडाव्यो!"

काकू हे मला कौतुकाने सांगायला आल्या. मी घरातला रबरी चेंडू काखेत दाबला आणि मनगट पुढे केलं. "नाडी बघा."

"अगोबाई, लागतच नाही!"

"आता मानेला हात लावा."

तिथे ठणठणीत ठोके. "चेंडूने हाताची रक्तवाहिनी दबते, एवढंच," मी म्हणाले.

"प्रत्येक कफनीला उजव्या काखेत आतून खिसा," त्या म्हणाल्या. "मंतरलेल्या विभूतीसाठी, असं सांगितलं होतं. मीच शिवलाय गं तो."

त्यानंतरच्या गुरुवारी बापू 'मेले' आणि काकू कात्री घेऊन गादीवर चढल्या. मेलेल्या बापूंनी कफनी घट्ट धरून ठेवली! तरी टाके उसवलेच. चेंडू टणटणत पहिल्या रांगेपर्यंत गेला.

"माझा नवरा तुमच्यासमोर मरत होता," काकू म्हणाल्या. "तुम्ही हात लावू नका म्हणालात आणि मी हात जोडून उभी राहिले! ही लाज मला जन्मभर पुरेल. आता मी गप्प बसणार नाही."

त्याच गादीवर मी लोकांना छाती दाबायला शिकवलं. सगळ्यात आधी काकू बसल्या.

तुम्हीही शिका. कोणी कोसळलं, ओ देत नसेल, नीट श्वास घेत नसेल, तर १०८ला फोन करा आणि मदत येईपर्यंत दाबत राहा. काही मोडेल म्हणून घाबरू नका. काकांच्या बरगड्या दीड महिन्यात जुळल्या. आम्ही सगळेच हात जोडून उभे राहिलो असतो, तर एव्हाना त्यांचं तेरावंही उरकलं असतं.