एकशे बारानंतरचं पान

बुधवारी संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी ऋतानं पान उलटलं आणि गिरणी गायब झाली.

एकशे बाराव्या पानावर तिन्ही मुलं बंद गिरणीच्या माळ्यावर श्वास रोखून बसली होती, जिना करकरत होता आणि वर येणाऱ्याच्या हातात मेलेल्या मुकादमाचा कंदील होता. एकशे तेराव्या पानावर दीपगृह, समुद्र आणि निवांत चहा पिणारा तांडेल. शेवटची सोळा पानं दुसऱ्याच पुस्तकाची होती.

आठवीतल्या ऋताच्या डोक्यात तिडीक गेली. पुस्तक लवकर संपू नये म्हणून ती चार दिवस मोजून पानं वाचत होती.

शिवाजी पेठेतल्या वाचनालयात निर्मलाताईंनी पुस्तक चाळलं. "हे आणि दीपगृहाचं, दोन्ही पुस्तकं बांधायला दिली होती. अदलाबदल झाली असणार. दुसरं ने की, भुताचीच आहेत सगळी."

"यात भूत नाहीच, ताई. नव्वदाव्या पानावर कळतं ते. माणूस कोण, तेवढं राहिलंय."

बाइंडर बसलिंगाप्पा मागच्याच गल्लीत खळ लावत बसले होते. त्यांनी मानही वर केली नाही. "आकडे बघून बसिवल्यात. एकशे अठ्ठावीस पानं हायत का न्हाईत?"

"आहेत."

"मग?"

"गोष्ट चुकलीय, मामा."

"पोरांच्या पुस्तकात गोष्ट बघत बसू व्हय? भ्या वाटलं न्हवं? झालं की."

"मोठ्यांची कादंबरी असती तर?"

"तवा बघतो की नीट."

"म्हणजे बघता येतं तुम्हाला," ऋता म्हणाली आणि तशीच तणतणत वाचनालयात परतली. दीपगृहाचं पुस्तक पेठ वडगावच्या अमरसिंह नावाच्या वाचकाकडे होतं. ताईंनी फोन लावून स्पीकरवर टाकला.

"वाचलं की. दीपगृहातनं एकदम गिरणीत. डोस्कंच फिरलं. लेखक लई पोचलेला हाय."

"काका, कंदील कुणाच्या हातात होता?"

"त्ये सांगून काय मज्जा, पोरी? वाच की तू."

"कशातनं वाचू? शेवट तुमच्याकडं आहे."

"माझ्याकडं कुठला? भाचीला दिलाय, कुरुंदवाडला."

ऋतानं फोन ताईंच्या हातात दिला. गिरणीचं पुस्तक मात्र तिनं जमा करू दिलं नाही; दीपगृहाचा शेवट त्यातच होता.

शनिवारी साडेसातला कुरुंदवाडहून निरोप आला. भाची ऐंशीव्या पानावर आहे. पुरं झाल्याशिवाय पुस्तक देणार नाही म्हणते.